नीटच्या निकालापासून एमबीबीएसच्या जागेपर्यंत: महाराष्ट्रातल्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

निकालाच्या रात्री पेढे वाटून झाले, फोन थांबले, आणि बाबांनी विचारलं, "मग आता कॉलेज कुठलं?" उत्तर मिळायला जवळजवळ अख्खा पावसाळा गेला. २०२५ च्या नीटचा निकाल १४ जूनला लागला, राज्याच्या पहिल्या यादीत माझं नाव यायला ऑगस्ट उजाडला, आणि आज मी ज्या सरकारी कॉलेजात शिकते ते दुसऱ्या फेरीत मिळालं. आमच्या घरात याआधी कुणी डॉक्टर झालेलं नाही, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं. जे आम्ही चाचपडत शिकलो ते क्रमाने लिहिते आहे.

निकालानंतर गुण वाढत नाहीत, पण आहे त्या गुणांवर मिळणारी जागा हातची जाऊ शकते. कधी एखादा कागद कमी पडतो, कधी कॉलेजांचा पसंतिक्रम चुकतो. माझ्या ओळखीत दोघांच्या बाबतीत हेच झालं. म्हणून कागद आणि पसंतिक्रम या दोन टप्प्यांवर मी जास्त लिहिलं आहे. शुल्क, तारखा आणि काही नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी ठेवूनच हे वाचा.

१. दारं दोन आहेत, दोन्हीकडे अर्ज करा

पहिलं दार दिल्लीचं. मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी. देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा (ऑल इंडिया कोटा), सगळ्या एम्स, पुदुच्चेरीचं जिपमर आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं एमसीसीमार्फत भरली जातात. नागपूरचं एम्स याच दारातून. पुण्याच्या एएफएमसीसाठीही (सैन्यदलाच्या वैद्यकीय कॉलेजासाठी) नोंदणी इथेच करायची, त्यानंतर त्यांची वेगळी चाचणी आणि मुलाखत असते.

दुसरं दार मुंबईचं, राज्य सीईटी सेलचं, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाचं. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांच्या जागा इथून मिळतात. खासगी कॉलेजातला १५ टक्के संस्थात्मक कोटासुद्धा (ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात) सीईटी सेलच्याच प्रक्रियेत येतो, हे लक्षात ठेवा. पुढे दलालांबद्दल लिहिलंय, तिथे हे उपयोगी पडेल.

नीट दिली म्हणजे अर्ज झाला, असं कित्येकांना वाटतं. तसं नाही. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते, वेगळे पैसे भरावे लागतात, दोन्हींचं वेळापत्रक वेगळं असतं.

राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी. केंद्रीय कर्मचारी, सैन्यदल अशांच्या मुलांना काही सवलती आहेत, त्या पुस्तिकेत पाहा. क्लासच्या सोयीसाठी जी मुलं राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला जातात आणि बारावीचा प्रवेशही तिथल्याच शाळेत घेतात, त्यांचा राज्याचा कोटा इथेच हातातून जातो. तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण अकरावीत जाणार असेल तर हे आजच घरात सांगा.

२. गुण विसरा, रँक धरा

"गेल्या वर्षी इतक्या गुणांना सरकारी मिळालं होतं" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल. त्यावर विसंबू नका. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६ होते. अशा दोन वर्षांचे गुण एकमेकांशी ताडून काय कळणार?

ताडून पाहायची ती रँक. ऑल इंडिया कोट्यासाठी अखिल भारतीय रँक. राज्यासाठी सीईटी सेल नोंदणी झालेल्यांची राज्य गुणवत्ता यादी लावतं, त्यातला तुमचा क्रमांक खरा. सीईटी सेल प्रत्येक फेरीची निवड यादी पीडीएफमध्ये देतं. गेल्या दोन वर्षांच्या याद्या उतरवून घ्या आणि आपल्या प्रवर्गात कुठलं कॉलेज किती क्रमांकावर थांबलं ते वहीत लिहून काढा. मला दोन दिवस लागले, पण त्यानंतर कुणाच्याही अंदाजाने पोटात गोळा येणं बंद झालं.

आणि कुणी जुन्या ७०:३० च्या प्रादेशिक कोट्याचा हिशेब सांगू लागलं तर सोडून द्या. तो २०२० मध्येच रद्द झाला. आता विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची एकच यादी असते.

३. कागद: निकालाची वाट न पाहता गोळा करा

सगळ्यांना लागणारे कागद असे:

- नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
- दहावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी)
- बारावीचं गुणपत्रक
- शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- आधार कार्ड
- पुस्तिकेतल्या नमुन्यातच भरलेलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- नीटच्या अर्जात लावला तोच पासपोर्ट आकाराचा फोटो, भरपूर प्रती

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांना याखेरीज जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) लागतं. ईडब्ल्यूएससाठी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी) पात्रतेचं प्रमाणपत्र. दिव्यांग, सैन्यदल, डोंगरी भाग, सीमाभाग यांचे कागद वेगळे आहेत. दिव्यांगांनी एक गोष्ट नीट वाचावी: कुठल्याही रुग्णालयाचं प्रमाणपत्र चालत नाही, ठरवून दिलेल्या केंद्रांचंच लागतं आणि तिथे तपासणीसाठी वेळ घ्यावी लागते.

आता जिथे लोक अडकतात ते.

जात वैधता. जातीचा दाखला तहसील-प्रांत कार्यालयातून मिळतो, पण वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे मागतात, त्रुटी निघाली तर महिने जातात. अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. घरात कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम खूप हलकं होतं.

नॉन-क्रिमिलेअर. यावर मुदतीची तारीख असते आणि ती ३१ मार्चला संपते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं प्रमाणपत्र त्याच मार्चमध्ये संपलेलं होतं. तिच्या ते लक्षात आलं अर्ज भरताना, आणि सेतू केंद्रावर तेव्हा सगळ्या जिल्ह्याची गर्दी. एप्रिल उजाडला की पहिलं काम हे करा.

राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना. हा सगळ्यात फसवा भाग. सीईटी सेलला राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, एमसीसीला केंद्राच्या. ओबीसींनी दोन्ही काढून ठेवावीत, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हेही पाहावं. विमुक्त जाती, भटक्या जमाती हे प्रवर्ग राज्याचे आहेत; एमसीसीकडे ते नाहीत, तिथे केंद्राच्या यादीत जात असेल तर ओबीसी म्हणून अर्ज करता येतो. एसईबीसीचं (मराठा समाजासाठीचं) १० टक्के आरक्षण २०२४ च्या कायद्याने आलं, तेही फक्त राज्यात चालतं. ईडब्ल्यूएसमध्ये केंद्राच्या नमुन्यात उत्पन्नासोबत जमीन आणि घराच्याही अटी आहेत. राज्याचं मिळालं म्हणजे केंद्राचं मिळेलच असं धरून चालू नका.

नाव. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. एवढ्या फरकाने सहसा अडत नाही. पण स्पेलिंगमधलं एखादं अक्षर, वडिलांच्या नावापुढचं 'राव', आडनावातला 'डब्ल्यू' आणि 'व्ही' यांनी माणूस रडकुंडीला येतो. सगळे कागद एका ओळीत जमिनीवर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे आधार दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र जे लागेल ते तेव्हाच करून टाका.

मूळ कागद एका फाइलमध्ये, छायाप्रतींचे तीन संच वेगळे, आणि प्रत्येकाचं नीट स्कॅन फोनमध्ये आणि ईमेलमध्ये. स्कॅन सरळ, चारही कोपरे दिसतील असं हवं. अंधुक फोटो लावला तर छाननीत त्रुटी निघते.

४. नोंदणी स्वतः करा

सायबर कॅफेत बसून अर्ज भरायला हरकत नाही, पण मोबाइल क्रमांक, ईमेल आणि पासवर्ड तुमचेच हवेत. सगळे ओटीपी याच क्रमांकावर येतात आणि प्रक्रिया महिनोन् महिने चालते. घरातल्या ज्याचा क्रमांक कधी बंद पडत नाही त्याचा द्या.

एमसीसीकडे ऑल इंडिया कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि १०,००० रुपये अनामत असते. एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना ५०० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठंही हवी असतील तर नोंदणी ५,००० आणि अनामत तब्बल २ लाख. अनामत परत मिळते, पण ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात. कॅफेवाल्याच्या किंवा शेजाऱ्याच्या कार्डाने भरली की परतावाही त्यांच्याकडेच जातो. हे पैसे घरच्याच खात्यातून भरा.

अभिमत विद्यापीठाचं शुल्क परवडणारच नसेल तर त्या चौकटीत खूण करू नका. "असू दे, पर्याय राहील" म्हणून २ लाख अडकवून बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

राज्याच्या अर्जात प्रवर्ग, महिला, दिव्यांग, डोंगरी भाग या सगळ्या नोंदी दोनदा तपासा. मुदत संपल्यावर प्रवर्ग बदलून मिळेल या भरवशावर राहू नका.

५. पसंतिक्रम: इथे घाई करू नका

संगणक काय करतो ते आधी समजून घ्या. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो आणि प्रत्येकाची यादी वरून खाली वाचतो. जिथे जागा शिल्लक दिसते तिथे तो थांबतो. तुमचा क्रमांक आला की तुमच्या यादीतलं पहिलं नाव पाहील, तिथे जागा नसेल तर दुसरं, मग तिसरं.

म्हणजेच मुंबईचं केईएम पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि ते मिळालं नाही, तर दहाव्या क्रमांकावर लिहिलेल्या अंबाजोगाईवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. "मिळणार नाही ते वर कशाला लिहायचं, जागा वाया जाईल" हा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. उलट "मिळेलच असं" कॉलेज भीतीपोटी वर लिहिलं, तर संगणक तिथेच थांबतो. त्याच्या खाली लिहिलेलं चांगलं कॉलेज तुमच्या क्रमांकाला मिळत असलं तरी मिळत नाही. क्रम फक्त एकाच प्रश्नाने ठरवा: ही दोन्ही समोर ठेवली तर मी कुठलं घेईन?

ते ठरवताना काय पाहावं, याबद्दल माझं मत सांगते. सगळ्यात आधी रुग्णसंख्या. वैद्यकीय शिक्षण वॉर्डात होतं. १८४५ मध्ये सुरू झालेलं ग्रँट आणि त्याचं जेजे रुग्णालय, परळचं केईएम, सायन, नायर, पुण्याचं बीजे, नागपूरचं जीएमसी आणि मेयो, छत्रपती संभाजीनगर, मिरज, सोलापूर, अंबाजोगाई या जुन्या ठिकाणी ओपीडी ओसंडून वाहते. २०२४ मध्ये एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यात गडचिरोली, वाशिम, हिंगोली, जालना, भंडारा ही आहेत. नव्या कॉलेजात इमारत, वसतिगृह, काही विभागांतले शिक्षक अजून भरत असतील. पण ती जिल्हा रुग्णालयाला जोडलेली आहेत, रुग्ण आहेत, आणि शुल्क सरकारी आहे. महागड्या जागेपेक्षा किंवा आणखी एक वर्ष घरी बसण्यापेक्षा मी नवं सरकारी कॉलेज निःशंक घेतलं असतं, आणि माझ्या यादीत ती सगळी होती.

मग पैसे. खासगी कॉलेजाचं वार्षिक शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि संकेतस्थळावर देतं. संस्थात्मक कोट्यात तेच शुल्क काही पट होतं. वसतिगृह, खानावळ, अनामत हे वेगळं. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर वर्षभराची इंटर्नशिप. घरच्यांसोबत पूर्ण काळाचा हिशेब कागदावर मांडा. शिष्यवृत्त्याही त्यात धरा: राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, मागासवर्गीयांच्या योजना, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, तीही केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तरच.

सरकारी जागेसोबत बाँड येतो. पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाही केली तर १० लाख रुपये. मला ही अट रास्त वाटते, पण सही करण्याआधी घरात सगळ्यांना ती माहीत असायला हवी.

६. थांबण्याचे आठवडे

याबद्दल कुणी आधी सांगत नाही. परीक्षेची तयारी दिसते, निकाल दिसतो, मधले आठवडे दिसत नाहीत. वेळापत्रक येतं, पुढे ढकललं जातं, पुन्हा येतं. २०२५ मध्येही एमसीसीने पहिल्या फेरीच्या तारखा बदलल्या. सूचना बहुधा संध्याकाळी किंवा रात्री पडते, त्यामुळे माझी आई रोज जेवताना फोन शेजारी ठेवायची.

आम्ही अखेर दिवसातून दोन वेळा ठरवल्या, सकाळी दहा आणि रात्री नऊ. तेव्हाच दोन्ही संकेतस्थळं उघडायची, एरवी नाही. पत्ते नीट पाहा: एमसीसीचा शेवट 'एनआयसी डॉट इन' असा आहे, सीईटी सेलच्या पत्त्यात 'महासीईटी डॉट ओआरजी' असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ, मग ती कितीही खरी वाटो, संकेतस्थळावर सापडेपर्यंत खोटी समजा. कॉलेजचा अंदाज सांगणारी ॲप मी तीन वापरली आणि तिघांनी तीन कॉलेजं सांगितली.

याच आठवड्यांत दलालांचे फोन येतात. तुमचा क्रमांक त्यांना कुठून मिळतो कोण जाणे. "मॅनेजमेंटची सीट आहे, आज टोकन द्या." संस्थात्मक कोटासुद्धा सीईटी सेलच्या गुणवत्ता यादीनेच भरतो, आणि देणगी घेऊन प्रवेश देणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. एक रुपयाही देऊ नका, फोन ठेवून द्या.

रिकामा वेळ कामाला लावा. कॉलेजातून एलसी काढून आणा. तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घ्या. बँकेत जाऊन ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा वाढवून घ्या, कारण यादी लागल्यावर मोजके दिवस मिळतात आणि त्यातच रविवार, पंधरा ऑगस्ट किंवा गणपतीची सुट्टी येते. बीएएमएस, बीएचएमएस किंवा फिजिओथेरपीचा विचार असेल तर त्यांच्या फेऱ्या एमबीबीएसपासून वेगळ्या चालतात, त्यांचं वेळापत्रक वेगळं लिहून ठेवा.

आणि झोप घ्या. नातेवाइकांना उत्तर द्यायचं काम आमच्याकडे बाबांनी अंगावर घेतलं होतं. पालक हे वाचत असतील तर त्यांना माझी ही एक विनंती: ते काम तुम्ही घ्या.

७. यादीत नाव आलं, आता निर्णय

पहिल्या फेरीत दोन्हीकडे सहसा मोकळीक असते: जागा नको असेल तर न घेता पुढच्या फेरीत जाता येतं. त्यानंतर नियम फेरीगणिक कडक होतात. दुसऱ्या फेरीपासून अनामत जाऊ शकते, शेवटच्या फेरीत जागा सोडली तर पुढच्या नीटवरही परिणाम होऊ शकतो. प्रत्येक फेरीआधी तेवढं पान पुन्हा वाचा.

मिळालेलं कॉलेज पसंत आहे, पण अजून चांगलं हवंय? मग जाऊन प्रवेश घ्या आणि पुढच्या फेरीसाठी बेटरमेंट उघडं ठेवा. महाराष्ट्रात 'स्टेटस रिटेन्शन'चा अर्ज असतो. तो भरून दिला म्हणजे तुम्ही सांगितलंत की हीच जागा कायम, पुढच्या फेऱ्या नकोत. कॉलेजच्या टेबलावर गर्दीत समोर कागद सरकवतात आणि मुलं सही करून मोकळी होतात. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

याच्या उलट धोकाही आहे. बेटरमेंटमध्ये नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते, परत मिळत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीचा पसंतिक्रम नव्याने भरताना हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगलं वाटतं तेवढंच लिहा. यादी लांब दिसावी म्हणून खाली चार नावं वाढवलीत, तर त्यातलंच एखादं पदरात पडेल.

८. कॉलेजात हजर होताना

पहिल्याच दिवशी सकाळी जा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मूळ कागद, प्रतींचे संच, निवड पत्र, फोटो, शुल्काचा डीडी किंवा ऑनलाइन भरण्याची सोय, गोंद, स्टेपलर, पेन सोबत घ्या. डीडी कुणाच्या नावे काढायचा ते कॉलेजला फोन करून विचारा. मला नाव चुकलेला डीडी बदलायला दुपारी पुन्हा बँकेत धावावं लागलं होतं.

मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं. काय काय दिलं त्याची पावती सही-शिक्क्यासह मागा. दुसऱ्या फेरीत कॉलेज बदललं तर हेच कागद परत घेऊन नव्या ठिकाणी जायचं असतं, आणि मुदत तिथेही मोजकीच असते. प्रवेश ऑनलाइन नोंदवला गेला का हे टेबल सोडण्याआधी विचारा, कारण नोंद झाली नसेल तर यादीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत.

वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी द्या, खोल्या लवकर संपतात. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो, तो कॉलेज भरत नाही. प्रवेशाची पावती, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं एवढं त्याला लागतं. आधी खातं जोडलेलं आहे का ते बँकेत विचारून घ्या.